भंगारातली तीनचाकी

या सदरातून आपण एरवी औषधे, पथ्ये आणि तपासण्या यांविषयी बोलतो. या वेळी एका वाहनाविषयी लिहीत आहे. ते कोणत्याही दुकानात मिळत नाही. माझ्या एका रुग्णाने आपल्या अंगणात बसून ते भंगारातून जोडले. त्या वाहनाने मला वैद्यकाचा एक जुना धडा नव्याने शिकवला. तो शिकताना माझ्या हातून एक चूक घडली. ती आधी सांगून टाकणेच बरे.

चंद्रपूर शहराच्या कडेला असलेल्या एका वस्तीत माझा दवाखाना आहे. परिसरात कोळसाखाणींतून आणि कारखान्यांतून निवृत्त झालेली कुटुंबे पुष्कळ. मागल्या वर्षी आषाढातल्या एका सकाळी दवाखान्यासमोर फटफट आवाज झाला आणि रांगेतले सगळे रुग्ण खिडकीशी गोळा झाले. बाहेर एक तीनचाकी उभी होती. पुढचे चाक, चिमटा आणि सळईचे ब्रेक जुन्या काळ्या सायकलीचे. मागचा कणा हातगाडीचा. इंजिन लुनाचे. बसायला मोडीत निघालेल्या बसच्या बाकड्याची गादी. पुढे पितळी कडेचा गोल दिवा, बाजूला रबरी गोळ्याचा भोंगा, आणि गडद हिरव्या मडगार्डांवर हाताने ओढलेली सोनेरी रेघ. शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या संस्थानिकाच्या मोटारीचे चित्र पाहून केली असावी, अशी ती धाटणी होती. चालक होते माझे जुने रुग्ण, खाणीच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले, वय ७१. आपण त्यांना नुसते काका म्हणू.

काकांच्या पत्नीला सहा वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि त्याबरोबर वाचाही गेली. चारदोन शब्द उरले. चंद्रपूरच्या महाकालीचे देऊळ त्यांच्या घरापासून फार लांब नाही, पण सहा वर्षांत त्या तिथे गेल्या नव्हत्या. ‘ऑटोरिक्षा का करत नाही?’ असे मी पूर्वी एकदा विचारले होते. काका म्हणाले होते, “उचलून बसवा लागते जी. चार परक्या मानसांनी धरलेलं तिले आवडत नाही.” एवढे बोलून ते गप्प झाले आणि मीही पुढच्या रुग्णाला हाक मारली.

ही तीनचाकी त्यांच्यासाठी होती. मागच्या गादीची उंची काकांनी घरातल्या पलंगाच्या उंचीइतकी ठेवली होती आणि एका बाजूची दांडी बिजागरीवर फिरणारी केली होती. पलंगावरून खुर्चीवर सरकतात तसे आजींनी गाडीत सरकावे, कोणी उचलू नये, हा हेतू. पुनर्वसन शिकवणाऱ्या तज्ज्ञांना जी गोष्ट नातेवाइकांना पटवताना घाम फुटतो, ती या फिटरने कोणी न सांगता ओळखली होती. माझे लक्ष मात्र भोंग्याकडे गेले. मी हसलो, गाडी झकास झाली आहे म्हणालो, रक्तदाब तपासला आणि ‘जपून चालवा’ असे म्हणून त्यांना निरोप दिला. ‘जपून’ म्हणजे नेमके काय, हे सांगितले नाही. मलाच ते ठाऊक नव्हते.

पंधरा दिवसांनी काका पायी आले. कोपर सोलवटलेले, कपाळाच्या उजव्या बाजूला टेंगूळ. देवळाच्या रस्त्यावरच्या वळणावर गाडी एका चाकावर उभी राहिली आणि कलंडली. सुदैवाने आजी गाडीत नव्हत्या; ती नुसती चाचणी होती. “पडलो जी जराशीक. डोक्याले काही नाही झालं,” काका म्हणाले. मी जखम धुतली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि त्यांना घरी पाठवले. काका हृदयविकारासाठी रोज ॲस्पिरिन घेत होते. ते मीच लिहून दिलेले होते, तरीही त्या दिवशी मला त्याची आठवण झाली नाही. मुलाला बोलावून पुढचे काही आठवडे काय पाहायचे ते सांगितले नाही. ही माझी चूक.

तेविसाव्या दिवशी मुलगा आला. बाबा हल्ली विसरतात, सदऱ्याची बटणे वरखाली लावतात, दिवसा झोपून असतात. वय झाले म्हणायचे, असे तो म्हणाला. घरी गेलो तेव्हा खरी गोष्ट आजींनी सांगितली. त्या डाव्या हाताने सारखे दाराकडे दाखवत होत्या आणि उरलेल्या शब्दांपैकी एक शब्द पुन्हापुन्हा उच्चारत होत्या : “चप्पल, चप्पल.” काकांच्या डाव्या पायातली चप्पल चालताना निसटत होती. त्यांच्याही ते ध्यानात आले नव्हते. सहा वर्षे एका जागी बसून नवऱ्याची चाल पाहणाऱ्या बाईला ते दिसले होते. काकांना दोन्ही हात समोर धरायला सांगितले, तेव्हा डावा हात हळूहळू खाली आला.

त्याच दिवशी सीटी स्कॅन झाला. मेंदूच्या उजव्या बाजूला, मेंदू आणि त्यावरचे जाड आवरण यांच्यामध्ये रक्त साचले होते. नागपुरात कवटीला दोन छिद्रे पाडून ते काढण्यात आले आणि दहाव्या दिवशी काका घरी आले.

हे का घडते, ते आपण समजून घ्यावे अशी माझी विनंती आहे, कारण तीनचाकी नसलेल्या घरांतही, न्हाणीघरात नुसते घसरल्यानेही, हे होते. वय वाढते तसा मेंदू थोडा आक्रसतो. मेंदूवरून आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा त्यामुळे ताणल्या जातात. साधासा धक्कादेखील एखादी शीर फाटायला पुरतो. रक्त थेंबाथेंबाने पाझरते आणि आक्रसलेल्या मेंदूभोवती मोकळी जागा असल्यामुळे पहिले काही आठवडे रुग्णाला काहीच जाणवत नाही. मग डोकेदुखी, सुस्ती, विसराळूपणा, चालताना एका बाजूला झोक जाणे, एक पाय ओढणे, क्वचित लघवीवरचा ताबा सुटणे, अशी लक्षणे दिसू लागतात. घरातली मंडळी ती म्हातारपणाच्या खात्यावर टाकतात. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी औषधे चालू असतील तर धोका अधिक.

म्हणून साठीपुढच्या माणसाच्या डोक्याला मार लागला की पहिले दोन दिवस वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, न आवरणारी झोप, झटका, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, बोलण्यात गोंधळ, यांपैकी काहीही दिसले तर रात्र असली तरी थांबू नये. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर काही न दिसताही डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावे आणि औषधाचे नाव आपणहून सांगावे. डॉक्टर विसरू शकतो, याचा पुरावा आपल्यापुढे आहेच. औषध मात्र मनाने बंद करू नये. आणि पडल्याची तारीख दिनदर्शिकेवर लिहून पुढचे सहा आठवडे चालीकडे लक्ष ठेवावे. चप्पल हे उत्तम यंत्र आहे.

आता त्या वळणाकडे येऊ. दुचाकीपेक्षा तीन चाके सुरक्षित, असे आपल्या मनात घट्ट बसलेले असते. उभ्या गाडीपुरते ते खरे आहे. वळणावर दुचाकीस्वार आतल्या बाजूला झुकतो आणि त्या झुकण्याने तोल सावरतो. तीनचाकीला झुकता येत नाही. वेग दुप्पट झाला की बाहेर ढकलणारा जोर चौपट होतो. बैठक उंच, मागच्या दोन चाकांतले अंतर कमी आणि पुढे एकच चाक, असा मेळ असला तर सायकलीच्या सावकाश वेगालाही अरुंद वळणावर आतले चाक उचलले जाते. त्यासाठी इंजिनाचीही गरज नाही. काकांनी हातगाडीचा कणा कापून आखूड केला होता, कारण त्यांच्या अंगणाचे फाटक अरुंद होते. ब्रेक फक्त पुढच्या चाकाला होते आणि तेही रबरी गुटक्यांचे, पावसात भिजलेले. शिवाय आयुष्यभर दुचाकी चालवलेल्या माणसाचे अंग वळणावर जुन्या सवयीनेच वागते.

सायकल बनवणाऱ्यांना हे दुखणे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. वळताना बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापावे लागते. दोन्ही मागची चाके एकाच कण्याला पक्की जखडली तर गाडी अडखळते. इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली यांनी १८७७ साली तीनचाकी सायकलीसाठी डिफरन्शियल वापरले, ते याच अडचणीतून. व्हिक्टोरिया राणीने त्यांच्या तीनचाक्या मागवल्यावर तर त्या वाहनाला प्रतिष्ठाच आली. त्याही आधी, १६५५ च्या सुमारास, जर्मनीतील न्यूरेंबर्गजवळच्या आल्टडोर्फ गावी श्टेफान फार्फलर नावाच्या पायाने अधू असलेल्या तरुण घड्याळजीने हाताने फिरवायची तीनचाकी स्वतःसाठी बनवली होती. कार्ल बेंझची १८८५ ची पहिली मोटारही तीन चाकांची आणि सायकलीसारख्या तारांच्या चाकांचीच होती. आपल्याकडे १९७२ मध्ये आलेल्या लुनाला पेडल होते हे आपल्याला आठवत असेल. सायकल आणि मोटार यांच्या उंबरठ्यावरची ती गाडी. तिची इंजिने आजही भंगारात मिळतात आणि काकांसारख्या माणसांचे हात शिवशिवतात.

आपल्या जिल्ह्याला तर हा वारसा घरचाच आहे. वरोऱ्याच्या आनंदवनात कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या आणि अपंग माणसांनी चालवलेल्या कार्यशाळांतून अपंगांसाठी तीनचाकी सायकली तयार होत आल्या. टाकाऊ टायरांपासून तिथे बंधारेही बांधले गेले. बाबा आमटे डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ यात्रेला निघाले, तेव्हा त्यांच्याबरोबर शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवर होते. मणक्याच्या आजारामुळे बाबांना बसता येत नसे. ते गाडीत आडवे पडून काश्मीरपर्यंत गेले. त्याच महिन्यात त्यांना ७१ वर्षे पूर्ण झाली. काकांचेही वय तेच. शय्येवरच्या माणसासाठी गाडी बदलता येते, हे इथल्या लोकांनी पाहिलेले आहे. काकांचा हट्ट मला वेडगळ वाटला, तो माझाच विसरभोळेपणा.

कुष्ठरोगाचा विषय निघालाच आहे तर एक महत्त्वाची गोष्ट. चंद्रपूर-गडचिरोलीत बऱ्या झालेल्या कुष्ठरुग्णांच्या, आणि सर्वत्रच जुन्या मधुमेह्यांच्या, तळहातापायांची संवेदना गेलेली असते. लुनासारख्या इंजिनाचा सायलेन्सर पायाजवळ असेल तर कातडी भाजते आणि माणसाला कळत नाही. मोजा चिकटला म्हणून पाहावे तर जखम हाडापर्यंत. अशा रुग्णांच्या गाडीत सायलेन्सरवर जाळीचे आवरण हवेच, पाय टेकण्याची फळी लांब हवी आणि हँडलच्या मुठी जाड व मऊ हव्यात. घरी आल्यावर तळवे डोळ्यांनी तपासावेत. नजर कमी असेल तर घरच्यांनी पाहावेत. पक्षाघाताच्या रुग्णाचा अधू पाय पेडलवरून घसरून चाकात जाण्याची भीती असते. त्यासाठी टाचेला आधार देणारी पट्टी लावतात. ती तीनचाकीवरच, दुचाकीवर कधीही नाही.

कंपवाताच्या रुग्णांची हकीकत वेगळीच आहे. २०१० साली नेदरलँड्समधील डॉ. बास्टियान ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्याने ५८ वर्षांच्या एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. त्याचे पाय चालताना जमिनीला खिळल्यासारखे होत. चार पावले टाकणे कठीण. तोच माणूस सायकल मात्र सफाईने चालवी. उतरला की पुन्हा पाय खिळत. मेंदूतले चालण्याचे आणि पेडल मारण्याचे मार्ग सर्वस्वी एक नसावेत, एवढे यातून दिसते. म्हणून ‘चालता येत नाही, आता सायकल कसली’ हा निकाल घाईने देऊ नये. आणि रस्त्यावर पाठवण्याची घाईही करू नये. जागेवर उभी केलेली सायकल हा मधला मार्ग आहे. गुडघ्यांच्या झिजेतही पेडल मारणे पुष्कळदा सोसते, कारण शरीराचा भार बैठकीवर असतो. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील एवढी बैठक उंच ठेवावी. मधला दांडा नसलेली चौकट घ्यावी. पाय मागून टाकताना पडलेले किती तरी वृद्ध मी पाहिले आहेत.

घरात कोणी असे जोडकाम करणारे असेल तर त्यांच्या तब्येतीकडेही पाहावे. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याला किंवा नळीला बंद खोलीत वेल्डिंग केले की जस्ताचा धूर छातीत जातो आणि काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, तोंडाला धातूची चव येते. दुसऱ्या दिवशी ताप उतरतो. आमच्या भागात असा ताप म्हणजे पहिला संशय हिवतापाचा, आणि तो योग्यच आहे. गडचिरोलीत थंडीतापाला रक्त तपासल्याशिवाय दुसरे नाव देऊ नये. पण वेल्डिंग केल्याचे डॉक्टरांना सांगावे. काळी काच न धरता वेल्डिंगकडे पाहिले की मध्यरात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते; दूध, बटाट्याचा रस असले काही घालू नये, डोळे झाकून ठेवावेत आणि सकाळी दाखवावे. जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसे असते. नातवंडे तिथेच खेळत असतील तर मुळीच नाही. धनुर्वाताची लस कधी घेतली, हे आठवत नसेल तर ती घेतली नाही असे समजावे.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी बनवली, हे आपण वाचले असेल. आनंद महिंद्रा यांनी त्यांचे कौतुक केले आणि जानेवारी २०२२ मध्ये त्या गाडीच्या बदल्यात त्यांना बोलेरो मिळाली. पण कौतुक करतानाच, ही गाडी नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या अडवली जाईल, असेही महिंद्रांनी लिहिले होते. घरी जोडलेल्या इंजिनाच्या गाडीला नोंदणी नाही आणि विमाही नाही. तिने दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई घर विकून द्यावी लागेल. नोंदणी झालेल्या गाडीत अपंग व्यक्तीसाठी बदल करायचे असतील तर परिवहन कार्यालयाच्या परवानगीने ते करता येतात. २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या, ताशी २५ किलोमीटरपेक्षा जास्त न धावणाऱ्या आणि बॅटरी सोडून ६० किलोंपर्यंत वजनाच्या विजेच्या गाडीला मोटार वाहन मानत नाहीत, पण तेही मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तपासले असेल तरच. तीव्र अपंगत्वाचे प्रमाणपत्र असेल तर केंद्राच्या योजनेतून, कानपूरच्या ॲलिम्को या सरकारी कारखान्याची मोटार लावलेली तीनचाकी मिळू शकते. जिल्हा समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी. काकांना मी हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “ते एका मानसाची असते जी. मले दोघांची पायजे.” याला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

शस्त्रक्रियेनंतर तीन महिने गाडी ताडपत्रीखाली होती. मुलगा ती भंगारवाल्याला देणार होता. त्याला मी दवाखान्यात बोलावले आणि आपल्या आईला सहा वर्षांत कोणी उचलल्याशिवाय घराबाहेर नेले आहे का, एवढेच विचारले. मग आम्ही तिघे बसलो. काकांनी वहीत आकृती काढली. इंजिन काढायचे, पेडल ठेवायची. गादी पलंगाच्या उंचीवरून वीतभर खाली घ्यायची. सरकण्यासाठी मधे एक फळी. कणा पूर्ण रुंदीचा, त्यासाठी फाटकाचा एक खांब हलवायचा. मागच्या दोन्ही चाकांना ब्रेक आणि उतारावर गाडी धरून ठेवणारी खिटी. आजींना कमरेचा पट्टा, दोघांनाही हेल्मेट. वळणाआधी उतरून चालायचे आणि गाडी हाताने न्यायची, ही अट माझी. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि काका रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेतात. म्हणून फाल्गुनानंतर सकाळी आठच्या पुढे गाडी बाहेर काढायची नाही, हीही माझीच. सोनेरी रेघ मात्र तशीच राहिली.

चैत्रात महाकालीच्या यात्रेची गर्दी ओसरल्यावर एका पहाटे ती दोघे गेली. मुलगा मोटारसायकलवरून मागे होता. पायऱ्या चढणे शक्य नव्हते. आजींनी गाडीत बसूनच डाव्या हाताने नमस्कार केला, असे तो सांगत होता.

लुनाचे इंजिन काकांनी तेल लावून, पोत्यात गुंडाळून पलंगाखाली ठेवले आहे. दर महिन्याला रक्तदाब तपासायला येतात, तेव्हा ते इंजिन परत कधी लावायचे असे विचारतात. मी त्यांना दवाखान्याच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत चालायला लावतो आणि त्यांच्या डाव्या चपलेकडे पाहत राहतो.